बिजागरीखालची खूण

भिवंडी, १८ नोव्हेंबर २०२४

विठूदादा,

नमस्कार लिहिते, कारण पत्राची सुरुवात कशाने तरी करावी लागते. फोन तुम्ही उचलत नाही. अकरा वेळा केला, बाराव्या वेळी माझीच मला लाज वाटली. म्हणून हे पत्र तुमच्या रीमाच्या हाती देते. कशेळीच्या गोदामात ड्युटीला जाताना ती धामणकर नाक्यावर रिक्षा बदलते, तिथे तिला गाठीन.

कामाचं लिहिते. मी मशीन घेते आहे. जॉइंटर आणि प्लॅनर एकाच अंगात असलेलं. वरच्या टेबलावर फळीची एक बाजू सपाट करायची, मग टेबल उचलून उभं करायचं आणि तीच फळी खालून सारून दुसरी बाजू समांतर काढायची. आपलं जुनं धूड फक्त जाडी काढतं. पिळाची फळी घातली की पिळाचीच बाहेर येते, फक्त पातळ होऊन आणि चकाकत, हे तुम्ही मला आठ वर्षांत ऐंशी वेळा ऐकवलंत. म्हणून पहिली बाजू तुम्ही हातरंध्याने काढायचात आणि दुसरी मी मशीनवर. आता ती वाटणी उरली नाही, तेव्हा तुमच्या वाटचं काम मशीनच्या गळ्यात घालणं भाग आहे. यात टोमणा नाही. असला तर असू दे.

काल नाक्याजवळच्या एका दुकानात गेले होते. परत आल्यावर आंघोळ करावीशी वाटली. दुकानदार शिरल्यापासून आमच्या दत्तोपंतांशीच बोलत होता. त्यांना पस्तीस वर्षांच्या संसारात खिळा आणि स्क्रू यातला फरक कळलेला नाही, पण मी विचारायचं आणि उत्तर त्यांना मिळायचं. ‘सर, मॅडम को बोलो, ये मशीन सब करेगा, सोचने का काम ही नहीं.’ आणि हे मान डोलावत होते. मी पर्समधून पोलादी पट्टी काढून टेबलावर उभी ठेवली आणि तुमच्यासारखी वर्तमानपत्राची चिंधी खालून सारली. ती या बाजूने शिरली आणि त्या बाजूने सुखात निघाली. टेबल मध्ये खोलगट. ज्याच्यावर फळी सपाट व्हायची तेच सपाट नाही. कड काटकोनात यावी म्हणून फळी जिला टेकवायची ती बाजूची आडभिंत मी एका बोटाने ढकलली, तर तीही हलली. दुकानदार म्हणाला, हात मत लगाओ मॅडम, सेटिंग बिगड जाएगा. बोटाने बिघडणाऱ्या मशीनवर सागवान कसं घालायचं, हे मी विचारलं नाही. किळस आली आणि बाहेर पडले.

तुमच्या गावच्या भाऊंसाठी आपण केलेला देव्हारा अजून मागच्या खोलीत, सासऱ्यांचे माग होते त्या जागी, तसाच पडला आहे. उजव्या दाराचा वरचा कोपरा बोटभर बाहेर आलेला. त्या दिवशी भाऊ चार माणसं घेऊन तो टेम्पोतून परत घेऊन आले तेव्हा मी जे बोलले ते तुम्हाला लागलं असेल. ‘फळ्या सपाट करायचं काम विठूदादांचं, त्यांच्याकडून राहून गेलं.’ हेच शब्द होते ना? चार माणसं तोंडाकडे बघत उभी असली की काहीतरी सांगावं लागतं. आणि ते काम तुमचं होतं, एवढं तरी खोटं नाही. तुम्ही दार बिजागरीतून सोडवलंत, त्याची कड बघितलीत, मग माझ्याकडे बघितलंत, आणि हत्यारांची पिशवी उचलून निघालात. भांडला असतात तर सोपं गेलं असतं.

विचारायचं ते असं, की टेबल ओतीव बिडाचंच हवं, की ॲल्युमिनियमचं चालेल? रीमाजवळ हो-नाही सांगितलंत तरी पुरे.

सुचेता


२ डिसेंबर २०२४

विठूदादा,

रीमा म्हणाली, ‘बाबांनी वाचला. घडी घालून पेटीत ठेवला. बोलले काय न्हाय.’ मी विचारलं, बिडाचं की ॲल्युमिनियमचं? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मीच मान खाली घातली.

तर मीच ठरवते आहे. पंधरा दिवस मशीनं बघून बघून माझा माणसांवरचा विश्वास उडाला. कल्याणला एका ठिकाणी मशीनवर चार हॉर्सपॉवरचं स्टिकर होतं. मी वाकून मोटरची पाटी वाचली, तिच्यावर दीड. विचारलं तर म्हणे, वो कंपनी का होता है. कोणत्या कंपनीचं ते त्यालाही ठाऊक नसावं. मोबाइलवर एक दाढीवाला आहे, तो दर आठवड्याला नव्या मशीनची आरती करतो. मी त्याचे सात व्हिडिओ नीट बघितले. त्याच्या सगळ्या फळ्या मशीनवर चढायच्या आधीच सरळ असतात. तसं तर मी ताटावरही रंधून दाखवीन. आता नवीन टूम अशी, की लांब पात्यांऐवजी दांड्यावर चौकोनी चौकोनी छोटी पाती गोल फिरवून बसवायची. आवाज कमी येतो आणि रेषांची उलटी-सुलटी वळणं असलेलं लाकूड उचकटत नाही, हे खरं. पण ज्याचं टेबल खोलगट त्याला हिऱ्याची पाती लावली म्हणून काय होणार?

एकाला मी सरळ विचारलं, फळी सपाट झाली हे कळतं कसं? तो म्हणाला, मशीनपे भरोसा रखो. तेव्हा मला तुमचा तो डबा आठवला. गेरूचा खडा ठेवायचा. बाजू काढून झाली की तुम्ही फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या ठेवायचात, एक डोळा मिटून बघायचात, आणि दोन्ही एकीत एक मिळाल्या की कडेला गेरूने एक वळसा काढायचात, शेपटी असलेला. ही बाजू खरी, इथून पुढे माप घ्या, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी तुमची खूण असलेली फळी मी पुन्हा पट्ट्या ठेवून तपासायला गेले, तर तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी जाताना म्हणालात, ‘बाई, खून केली का मंग डोला लावायचा न्हाय. आमच्यात तो अपमान हाय. ज्यानं खून केली त्यानं जबान दिली.’ वडिलांनी शिकवलेलं, म्हणालात. सांधे जुळवल्यावर आतल्या कडेची खूण तुम्ही घासून काढायचा नाहीत. उद्या कोणी दार उघडून बघितलं तर कळावं, कोणाची जबान होती.

हे मी का लिहीत बसले कळत नाही. मशीनचं लिहिणार होते.

सु.


१५ डिसेंबर २०२४, रविवार

विठूदादा,

आज रीमाने जे सांगितलं ते मला तुमच्याकडून कळायला हवं होतं.

तुमच्या दिघाशीच्या गावदेवीच्या देवळाचं दार नवीन करायचं आहे, चैत्रातल्या जत्रेच्या आत. जुनं तुमच्या आजोबांनी केलेलं. ते काम तुमच्याकडेच येणार, यात कोणाला शंका नव्हती. आणि आता देवळाच्या कमिटीत भाऊ सांगत सुटले आहेत की ज्याला घरातल्या देव्हाऱ्याचं दार सरळ करता येत नाही त्याच्या हाती गावदेवीचं दार कसं द्यायचं, कल्याणचा ठेकेदार बरा. बारा जानेवारीला बैठक आहे. रीमा म्हणाली, दोन महिन्यांत गावात तुम्हाला कोणी साधा पाट करायला सांगितलं नाही. एका घरात तुम्ही पाळण्याचं माप घ्यायला गेलात, तर त्यांनी चहा दिला आणि पाळण्याचा विषयच काढला नाही. ‘बाबा आता सकाली उठून रंध्याला धार लावतान आन परत ठेवून देतान,’ असं ती म्हणाली आणि तिची रिक्षा आली.

भाऊंचा मला संताप आहे. माणसाने एका दारावरून एवढं बोलावं? नवा बंगला बांधला, गेटवर सिंह बसवले, त्यातल्या एकाचं नाक कामगारांच्या हातून उडालं तर ते सिमेंटने थापून घेतलं, आणि कारागिरीवर बोलतात. पण ते माझ्यासमोर बोलतील तेव्हा मी उत्तर देईन. गावातल्या बैठकीत जाऊन मी बाईमाणूस काय सांगणार? तुम्हीच का नाही जाऊन सांगत? तुमचं तोंड कोणी धरलंय?

मशीन मिळाल्यात जमा आहे. कशेळीला खाडीकडच्या एका गोदामात बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याचा माल आला आहे. तिथे बारा इंची आहे, जुनं, गंजलेलं, हिरवा रंग पोपडे होऊन गळतोय, पण टेबल बिडाचं. त्यावर उंदरांच्या लेंड्या होत्या, त्या हातरुमालाने झाडल्या आणि पट्टी ठेवली. कागदाची चिंधी सरकली नाही. चारही दिशांनी बघितलं, कोनाकोनी बघितलं, सरकली नाही. बाजूची आडभिंत दोन्ही हातांनी ढकलली, तीही ढिम्म. पात्यांवरचं झाकण नाही, ते नवं करून घ्यावं लागेल, नाहीतर बोटं जायची. आपल्याकडे मागांसाठी घेतलेली थ्री फेजची लाइन आहेच. ट्रक दुरून भोंगे वाजवत होते, धुळीने घसा बसला होता, आणि मी एका गंजक्या टेबलाला हात लावून उभी होते. तुम्हाला दाखवायला हवं होतं, असं वाटलं. लगेच स्वतःचा राग आला.

सुचेता


२९ डिसेंबर २०२४

विठूदादा,

मशीनचं आज काही नाही.

काल देव्हारा दुरुस्त करायला घेतला. निदान दार बदलून भाऊंच्या तोंडावर मारावं, असा विचार. त्या दिवशी तुम्ही सोडवलेलं दार भिंतीशी उलटं टेकलेलं होतं. दोन महिने मी त्याच्याकडे पाठ करून काम केलं. ते उजेडात आणलं आणि बिजागरीखालची कड बघितली.

तुमच्या खुणेची शेपटी उजवीकडे वळते. या दारातल्या चारही फळ्यांवर ती डावीकडे वळली आहे. मी डावखुरी आहे.

आता लिहितेच. एप्रिलअखेर तुम्ही मेहुण्याच्या दहाव्यासाठी तीन दिवस शहापूरला गेलात. बारा फळ्यांपैकी आठ तुमच्या काढून झाल्या होत्या, चार राहिल्या होत्या. भाऊंची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला, ते दिवसाआड फोन करत होते. मी त्या चार फळ्या तशाच जाडीच्या मशीनमध्ये घातल्या. दोन्ही बाजू अशा गुळगुळीत निघाल्या, की मला त्या सपाटच वाटल्या. वाटल्या म्हणजे, मी वाटून घेतल्या. पट्ट्या ठेवून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दिसलं असतं. मग तुमच्या डब्यातला गेरू घेतला आणि चार खुणा काढल्या. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एक वळसा काढायला काय लागतं?

तुम्ही परत आलात, चेहरा उतरलेला होता. फळ्यांकडे बघून विचारलंत, ‘बाराच्या बारा माझ्या झालत्या काय?’ आणि मी म्हणाले, हो, जायच्या आधी केल्यात की. तुम्ही डोक्याला हात लावून हसलात, म्हणालात, या दुःखात काय ध्यानात राहत न्हाय. मेलेल्या माणसाच्या दुःखाचा मी फायदा घेतला. त्यानंतर तुम्ही त्या फळ्यांवर डोळा लावला नाहीत, कारण खूण होती. आडव्या पट्ट्यांनी पीळ पावसाळाभर दाबून धरला आणि दसऱ्यापर्यंत तो वर आला.

भाऊंसमोर मी तुमचं नाव घेतलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. राहून गेलं वगैरे काही नाही, पूर्ण माहीत होतं. तुम्ही कड बघून माझ्याकडे बघितलंत तेव्हा तुम्हालाही कळलं, हेही मला त्याच क्षणी कळलं. आणि दीड महिना मी तुम्हाला विचारते आहे, टेबल बिडाचं की ॲल्युमिनियमचं. मला माझी शिसारी येते. सकाळी दात घासताना आरशात बघवत नाही.

झालं, सांगितलं. आता तरी तुम्ही फोन उचलाल.

सुचेता


३ जानेवारी २०२५

विठूदादा,

रीमाने तुमचा निरोप आणला. दोन महिन्यांतला पहिला. तिने तो नाक्यावर, शेअर रिक्षावाले ओरडत होते त्यात उभं राहून, शाळेतल्या कवितेसारखा म्हणून दाखवला: ‘ते मना ठावं हाय. मना सांगून काय करायचा?’

मी घरी येईपर्यंत चिडलेलीच होते. एवढं मन मोकळं केलं, रात्रभर लिहायला बसले, आणि हा माणूस म्हणतो मला सांगून काय उपयोग. दत्तोपंतांना पत्राची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघा, माफी मागितली तरी ही तऱ्हा. ते वर्तमानपत्र वाचत होते. चष्मा न काढता म्हणाले, ‘सुचेता, तू चार माणसांत बोललीस आणि एका माणसाला सांगितलंस.’ जन्मभर खिळा ओळखता आला नाही, आणि हे बरोबर दिसलं. मला जेवण गेलं नाही.

बारा तारखेला मला ताप येईल असं वाटतंय. आत्तापासूनच कणकण आहे. हेही खोटं असेल.

सु.


१३ जानेवारी २०२५

विठूदादा,

काल दिघाशीला आले होते, तुम्हाला आतापर्यंत गावाने सांगितलंच असेल. तुमचं दार बंद होतं. वाजवलं नाही.

देवळाच्या पडवीत सतरंजीवर दहा-बारा माणसं होती. मी देव्हाऱ्याचं ते दार जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून नेलं होतं. सगळ्यांना वाटलं, मी देवीला काहीतरी अर्पण करायला आले. भाऊ म्हणाले, या या बाई, बसा. मी बसले नाही. बसले असते तर उठवलं नसतं. दार मध्ये ठेवलं, दोन्ही टोकांना पट्ट्या ठेवल्या आणि एकेकाला वाकून बघायला लावलं. सगळ्यांना पीळ दिसला. मग बिजागरीखालची कड दाखवली आणि एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं. मी खूण काढली, मी तुम्हाला खोटं सांगितलं, भाऊंसमोर तुमचं नाव मी घेतलं. लिहिताना जेवढं लांब झालं होतं तेवढं बोलायला लागलं नाही. दोन मिनिटांत संपलं.

भाऊ लाल झाले. म्हणाले, मग दोन महिने तुम्ही आम्हाला येडं बनवलंत? मी म्हटलं, हो. कोणीतरी म्हणालं, शिकलेली बाई, मास्तरीण, आणि असं. ते बरोबरच होतं. मग सगळे तुमच्याविषयी बोलायचं सोडून माझ्याविषयीच बोलायला लागले, आणि मला तिथे उभं राहून ऐकावं लागलं. जाहीर ओकारी करून वर पुसायला उभं राहावं तसं वाटत होतं. शेवटी खांबाशी बसलेल्या पुतळाबाई बोलल्या, देवीची झाडलोट करतात त्या. ‘बाईचा काय तो बाई बघंल. विठूला काम देताव का न्हाय, ते बोला आदी.’

भाऊंनी काम तुम्हालाच दिलं. मला वाटत नाही त्यात त्यांचा काही मोठेपणा होता. सगळ्यांच्या देखत दुसरं काही करता येईना, एवढंच. निघताना मला म्हणाले, देव्हारा घेऊन जा म्हणायला येऊ नका, मला तो नको. ठीक आहे. शाळेतल्या दोघीजणींनी काल संध्याकाळपासून फोन उचललेला नाही. बातम्या भिवंडीत टेम्पोपेक्षा लवकर पोचतात.

तुम्ही पुन्हा माझ्याकडे कामाला याल की नाही हे मी विचारणार नाही. तुमचं काम तुम्हाला मिळालं, तिथे माझा संबंध संपला.

कशेळीचं मशीन घेते म्हणून सांगून टाकलं. आता ते एकटीनेच चालवायचं आहे.

सुचेता


४ फेब्रुवारी २०२५

विठूदादा,

मशीन २० तारखेला आलं. उतरवायला सहा माणसं लागली आणि सहाही जणांनी मला शिव्या दिल्या, मनात नव्हे. गंज काढायला आठ दिवस गेले. रॉकेल, घासणी, माझी नखं. पात्यांवर नवं झाकण बसवून घेतलं. टेबल उचलून उभं करताना पाठीत कळ येते, आणि प्रत्येक वेळी आडभिंत सोडवून पुन्हा काटकोनात बसवावी लागते. दोन मशीनं एकात घेतली की दोघांचे नखरे सोसावे लागतात, हे दाढीवाला सांगत नाही. पण बाजू निघते. पहिल्या दिवशी जुन्या मागाची एक फळी काढली, पट्ट्या ठेवल्या, एकीत एक मिळाल्या.

शनिवारी रीमा दारात. मागे रिक्षा, आणि रिक्षातून बाहेर आलेली सागाची फळी, पाच फूट लांब, दोन इंच जाड, ओढून काढताना रिक्षावाला कुरकुरत होता. फळीला अंगभर पीळ. म्हणाली, देवीच्या दाराची हाय. बारा हायत अशा. तुमचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धरतो, हे मला माहीत होतं. दोन इंची साग हाताने काढणं तुम्हाला आता जमणार नाही, हेही. मी म्हटलं, ठीक आहे, सपाट करून देते, खूण बाबा तपासून करतील.

रीमा म्हणाली, ‘न्हाय. बाबा बोलले, खून बाईंनी करायची. त्यांची त्यांनी.’

मी तिला तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाली.

विठूदादा, हे तुम्ही का केलंत? शिव्या दिल्या असत्यात, सहन झालं असतं. फळी दोन दिवस टेबलावर पडून राहिली, मी चहा घेऊन तिच्याभोवती फिरत राहिले. काल दुपारी घातली. पहिल्या फेरीत फक्त दोन कोपऱ्यांना पातं लागलं. अकरा फेऱ्यांनी पूर्ण बाजू उघडली. पट्ट्या ठेवल्या, बघितलं. दत्तोपंतांना हाक मारून त्यांनाही बघायला लावलं, ते म्हणाले दोन पट्ट्या आहेत. सकाळी उजेड बदलल्यावर पुन्हा बघितलं. दुपारी पुन्हा. मग दुकानातून नवा गेरू आणला, कारण तुमच्या डब्याला हात लावायचा मला अधिकार नाही. डाव्या हाताने खूण केली, डावीकडे वळणारी. माझी तीच आहे आता, दुसरी कुठून आणू?

फळी रीमासोबत परत पाठवते. तुम्ही पट्ट्या ठेवून बघितलंत तर मला अपमान वाटणार नाही. बघाच. माझी विनंती आहे.

सुचेता


८ फेब्रुवारी २०२५

विठूदादा,

आज नाक्यावर रीमा भेटली. मी फळीचं काय झालं विचारलं. म्हणाली, बाबांनी दारातच फळी आडवी केली, कडेची खून बघितली, आन पेन्सिल घेऊन आखायला लागले.

मी विचारलं, पट्ट्या?

‘पट्ट्या काढल्याच न्हाय.’

रिक्षा निघून गेली तरी मी तिथेच उभी होते. कोणीतरी हॉर्न वाजवून बाजूला केलं. मला तुमचा फार राग आला, अजून आहे. एकदा तरी बघायचं होतंत.

उरलेल्या अकरा फळ्या पाठवा. एकेकीला मी चार वेळा डोळा लावीन. तुम्ही लावणार नाही ना, म्हणून.

सुचेता